पोट ठीक, तरीही सिलिअ‍ॅक

सिलिअ‍ॅक म्हटलं की जुलाब, फुगलेलं पोट आणि वजन न वाढणारं मूल डोळ्यांपुढे येतं. आज मात्र पोटाची तक्रारच नसलेल्या रुग्णांबद्दल बोलू. मूळ बिघाड सगळीकडे एकच: गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि लहान आतड्यातले अन्नरस शोषणारे अंकुर झिजतात.

आधी त्वचा. कोपरं, गुडघे, नितंब, कधी डोक्याची त्वचा. दोन्ही बाजूंना सारखेच, गुच्छानं येणारे बारीक फोड. खाज इतकी भयंकर असते की डॉक्टरांसमोर येईपर्यंत फोड उरलेलेच नसतात, फक्त ओरखडे आणि खपल्या. मग खरूज किंवा एक्झिमा समजून महिनोन्महिने मलमं चालतात. या विकाराचं नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पिस असलं तरी त्या विषाणूशी याचा संबंध नाही. बायोप्सीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, त्वचेचा तुकडा फोडातून घेतला तर निदान हुकू शकतं. तो शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून घ्यायचा आणि इम्युनोफ्लुरोसन्स या चमकत्या रंगाच्या तपासणीसाठी पाठवायचा. आयजीए या प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) कण तिथेच सापडतात. डॅप्सोन या औषधानं खाज दोन-तीन दिवसांत थांबते, पण आतडं बरं होत नाही. शिवाय डॅप्सोनआधी जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम तपासलंच पाहिजे, नाहीतर तांबड्या पेशी फुटून जीवावर बेतू शकतं.

दुसरी खूण रक्तात: लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया. लोह शोषलं जातं ते प्रामुख्यानं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि झीजही तिथेच जास्त. म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. बायकांच्या बाबतीत ‘पाळीत जात असेल’ म्हणून विषय मिटवला जातो, हे मला फार खटकतं.

कायमच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखेच डाग किंवा खाचा, सतत येणारं तोंड, खुंटलेली उंची, उशिरा आलेली पाळी, वारंवार गर्भपात, कारण न सापडता वाढलेले यकृताचे एन्झाइम, चालताना जाणारा तोल: यांतलं एकही लक्षण एकट्यानं पुरावा नाही, पण तपासणीला पुरेसं कारण आहे.

तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकमधली प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी, आणि सोबत एकूण आयजीए. काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं. मग पहिला अहवाल खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तपासणीआधीच गहू सोडणं. सोडला असेल तर डॉक्टरांना विचारून किमान ६ आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत पोळी-पाव घ्यावा लागतो, तेव्हा रक्त आणि आतड्याची बायोप्सी खरं सांगतात.

निदानानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेतच. आपलं स्वयंपाकघर याबाबतीत सुदैवी. अडतं ते गिरणीत. आधी गव्हाचं दळण झालेल्या जात्यातून ज्वारी काढली की पिठात गहू उतरतोच, आणि भाकरी खाऊनही खाज जात नाही. घरघंटी गव्हासाठी कधीच वापरू नका, किंवा तांदूळ-ज्वारीच दळणारी गिरणी शोधा. बांधानी हिंगात बहुतेकदा मैदा असतो, मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा. आकडा उतरत नसेल तर आधी डबे उघडून बघा.