बाटली भरलेलीच घरी परत यायची

श्रोतेहो, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, अकोला जिल्ह्यात. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तो आमचा मुलूख. तिथे पाण्याबद्दल कुणी कुणाला शिकवावं असं नाही. तरीही आज मी पाणी पिण्याबद्दलच बोलणार आहे, आणि त्याचं कारण एका बाटलीत आहे.

चौथीचा वर्ग होता. शाळा सुटताना एका मुलीचं दप्तर खाली पडलं म्हणून मी उचलायला गेले, तर कप्प्यातली पाण्याची बाटली जड लागली. सकाळी आईने भरून दिली तशीच ती काठोकाठ भरलेली होती. मनात आलं म्हणून शेजारचीची पाहिली, तीही तशीच. मग रोज सुटताना पाहू लागले. मुलांच्या बाटल्या रिकाम्या, वर पुन्हा नळावर ओंजळ लावून प्यायलेले. मुलींच्या बाटल्या मात्र भरलेल्याच घरी परत जायच्या. विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, “बाई, तहानच लागत नाही.”

दोन दिवसांनी वही तपासून घेताना एक जण अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाई, तिकडे कडी नाही ना.”

तिकडे म्हणजे मुतारीकडे. दार होतं, कडी तुटलेली होती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. मधल्या सुट्टीत मुलं तिकडेच खेळायची. त्यापेक्षा पाणीच न पिणं या आठ-नऊ वर्षांच्या पोरींना सोपं वाटलं होतं.

हे ऐकून मला धक्का बसला, कारण मीही तेच करत होते. साडेदहा ते पाच मी पाण्याला शिवत नसे. सकाळचा अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर एका दमात दोन तांबे. फळ्यावर मात्र सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘दररोज भरपूर पाणी प्यावे.’ वर्षातून दोन-तीन वेळा मला उन्हाळी लागायची. लघवीला आग, ओटीपोटात कळ, कधी थंडी वाजून ताप. आई म्हणायची, सब्जा भिजवून घे, धने-जिऱ्याचं पाणी घे. डॉक्टर गोळ्या द्यायचे. बरं वाटायचं, आणि पुढच्या सत्रात पुन्हा तेच.

गावातल्या सुताराला बोलावून त्या दाराला नवी कडी बसवून घेतली. दहा मिनिटांचं काम. आठवड्याभरात मुलींच्या बाटल्या हलक्या झाल्या. मी त्यांना पाणी प्या म्हणून एक शब्दही बोलले नव्हते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. माणूस पाणी पीत नाही तेव्हा त्याला आळशी किंवा निष्काळजी म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पाणी त्याच्या हाताशी आहे का? आणि प्यायल्यावर जायची सोय आहे का? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालली आहे. बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि मोफत मुतारी ही तिची मागणी. नाव ऐकून लोक आधी हसले असतील. पण दिवसभर भाजी विकणारी, बसमध्ये तिकिटं फाडणारी, बंदोबस्ताला उभी राहणारी बाई पाणी का पीत नाही, हे त्या मागणीत सगळं आलं.

आता किती प्यायचं ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. त्यात निरोगी माणसासाठी दिवसाला साधारण आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर पाणी सांगितलं आहे. ऊन असेल, अंगमेहनत असेल तर त्याहून जास्त. आठ ग्लास हा आकडा घरोघर पाठ आहे. घोटाळा होतो तो ग्लासात.

माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आईच म्हणतो, त्या ठामपणे सांगायच्या, “मी मोजून आठ पेले पिते गं.” त्यांचा पेला म्हणजे त्यांचं पितळी फुलपात्र. एके दिवशी मी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन पाण्याने भरली आणि त्या फुलपात्रात ओतत गेले. एक भरलं, दोन भरली, तिसरं भरलं, तरी पिशवीत थोडं उरलंच. म्हणजे एका फुलपात्रात दीडशे मिलिलिटरच्या आसपास. अशी आठ झाली तरी सव्वा लिटरसुद्धा होत नाही. आईंनी ते फुलपात्र हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी निम्म्याच्याच जवळपास पीत होते?” तुम्हीही आपल्या घरचं भांडं एकदा असं मोजून घ्या. एकदा मोजलं की झालं, रोज हिशेब ठेवायची गरज नाही.

रोजचा हिशेब शरीर स्वतःच देतं. लघवीचा रंग फिकट, पातळ लिंबू सरबतासारखा असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळा, मोहरीच्या तेलासारखा दिसला तर कमी पडतंय. सकाळची पहिली लघवी गडद असतेच आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळीनेही रंग बदलतो, तेवढं सोडून द्या. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. बाहेर जातं ते दीड-दोन लिटर. पाणी कमी मिळालं की ती बिचारी आणखी आवळून धरतात. लघवी घट्ट होते, त्यात क्षार साचून मुतखडा धरायला वाव मिळतो, आणि मूत्राशयात शिरलेले जंतू धुऊन निघत नाहीत. माझी उन्हाळी तीच होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पाणी कमी पिणाऱ्या आणि हा त्रास वारंवार होणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला. ज्यांनी सवय बदलली नाही त्यांना ३.२ वेळा. नुसतं पाणी, आणि त्रास जवळजवळ निम्म्यावर.

मी स्वतः काय करते ते सांगते. गजराचं मोबाइलचं अ‍ॅप मुलाने लावून दिलं होतं, चौथ्या दिवशी मी ते बंद केलं. कामात असताना ते वाजलं की चीडच यायची. त्यापेक्षा जे काम रोज न चुकता होतंच, त्याच्या शेपटाला पाणी बांधायचं. रात्री झोपताना तांब्या भरून उशाशी ठेवते. उठल्यावर चूळ भरली की तो अर्धा संपवायचा, चहा त्यानंतर. पूजा झाली की एक पेला. कुकर लावला की शिट्या होईपर्यंत एक पेला. रक्तदाबाची गोळी घेताना घोटभर न घेता पेलाभर. दुपारी झोपून उठल्यावर, आणि नातू शाळेतून आला की त्याच्याबरोबर. अशाने दिवेलागणीपर्यंत माझं बरंचसं पाणी होऊन गेलेलं असतं. चहा-कॉफीतलं पाणीही पाणीच, ते अंगी लागत नाही हा गैरसमज आहे. फक्त त्यात साखर किती जाते ते बघावं. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवत असाल तर ठेवा, पण त्यात ताक किंवा लिंबाचं सरबत कधी ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं.

आणि सगळं काही पेल्यातूनच जायला हवं असं कुठे आहे? पातळ वरण, आमटी, सार, ताक, आंबील, काकडी, कलिंगड या सगळ्यांतून पाणीच पोटात जातं. चैत्रात हळदीकुंकवाला पन्हं देण्याची रीत ज्या कुणी घातली, तिला त्या दिवसांतलं ऊन नीट कळलं होतं. आल्या-गेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही तर आपल्याकडची पहिली ओळख. ती जाऊन तिच्या जागी बाटलीबंद गोड पेयं आली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माठाबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर पाझरून वाऱ्याने उडून जातं म्हणून. त्यामुळे विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जसा काम करतो, तसा कोकणच्या दमट हवेत करत नाही. माठ वाऱ्याच्या वाटेवर, ओल्या वाळूवर ठेवावा. काथ्याने बाहेरून अधूनमधून घासावा, छिद्रं बुजली की तो गार करणं सोडतो. वर झाकण हवं आणि पाणी काढायला ओगराळं हवं. हात बुडवून पेला भरायचा नाही. आमच्या घरात माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता तो मी उचलून बैठकीच्या दाराशी आणला. जाता-येता दिसू लागला आणि घरातले सगळेच जास्त पाणी पिऊ लागले. ते आपोआप झालं.

शाळांसाठी केरळने २०१९ साली एक चांगली गोष्ट केली. दिवसातून ठरावीक वेळी घंटा वाजवायची आणि मुलांनी तेव्हा पाणी प्यायचं. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. मुख्याध्यापक ऐकत असतील तर माझं एवढंच मागणं आहे: घंटा वाजवण्याआधी दाराची कडी बघून या.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी असते. वय वाढतं तशी मेंदूला तहान उशिरा कळते. शरीराला पाणी हवं असतं, पण जीभ मागत नाही. त्यात आई संध्याकाळी सहानंतर पाणी पूर्ण बंद करायच्या. रात्री उठावं लागतं, अंधारात पाय घसरेल ही भीती. एका थंडीत त्या सकाळी उठताना चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी तपासलं, जीभ कोरडी, रक्तदाब उतरलेला. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा बारीक दिवा लावला आणि भिंतीला धरायला दांडा बसवला. आणि त्यांचं बहुतेक पाणी दुपारी चारच्या आत होईल असं पाहिलं. त्यांना “पाणी प्या” म्हटलं की राग यायचा. मी पेला भरून घेऊन शेजारी बसायचे, बोलता बोलता त्या पिऊन टाकायच्या.

मात्र ज्यांचं हृदय कमजोर आहे, ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी माझं ऐकून पाणी वाढवू नये. त्यांचं माप डॉक्टरच ठरवतील. निरोगी माणसानेही घाईघाईने तासाभरात तीन-चार लिटर पिऊ नये, रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी अजिबात नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात त्याच्यापुरतं पाणी असतं.

जुलाब-उलट्या झाल्या तर नुसतं पाणी पुरत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. तेच आज ओआरएसच्या पुडीत मिळतं. एका लिटरची पुडी पूर्ण एका लिटरातच मिसळायची, अर्धी अर्ध्यात असा अंदाज करायचा नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. मीठ जास्त पडू देऊ नका.

शेवटी, ज्यांच्याकडे शेतीला माणसं लावली जातात त्या बांधवांशी बोलते. उन्हात खुरपणारीला, कापूस वेचणारीला दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं. घागर बांधावरच्या झाडाखाली असते आणि ओळ दुसऱ्या टोकाला जाते. पाण्यासाठी उठून गेलं तर आपण मागे पडू, म्हणून ती उठत नाही. तेव्हा घागरी दोन ठेवा, दोन्ही टोकांना. ओलं गोणपाट गुंडाळा, पाणी दुपारपर्यंत गार राहतं. जेवणाबरोबर मीठ घातलेलं ताक असेल तर उत्तमच. आणि तुरीच्या ओळीमागे चार बांबू रोवून जुन्या लुगड्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करून द्या. आमच्या शेतात तो गेल्या वर्षी केला. पहिल्या दिवशी कुणी तिकडे फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारीच दोन्ही घागरी पुन्हा भरून आणाव्या लागल्या.

नमस्कार.