थेंब खाली, गळती वर

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेक जण वाकून बघतात, थेंब कुठे लोंबतोय ते हेरतात आणि जवळपासचे बोल्ट आवळून टाकतात. डाग परत येतो. मग चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचं, पॅकिंग बदललं जातं. डाग तरीही येतोच. शेवटी कुणीतरी म्हणतं, "जुनी गाडी आहे, गळणारच," आणि गाडीखाली एक पुठ्ठा कायमचा मुक्कामाला येतो. हे "गळणारच" मला काही पटत नाही. गळती हटत नाही याचं कारण क्वचितच गाडीचं वय असतं. जिथे ऑइल टपकतं तिथूनच ते निघतं, हा आपला समज आपल्याला फसवतो.

इंजिन चालू झालं की पंप ऑइल थेट वर, हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापर्यंत चढवतो. तिथल्या एखाद्या फटीतून निसटलेलं ऑइल ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, अंगावरून ओघळतं, खाचाखोचांतून वळत चेंबरच्या काठावर येतं आणि तिथे थेंब होऊन लोंबतं. गाडी पळत असेल तर समोरचा वारा त्याला आणखी मागे ढकलतो. चेंबर सगळ्यात खाली, त्यामुळे गुन्हा कुणाचाही असो, आळ त्याच्यावर. घरी गळती काढायला बसणाऱ्याने म्हणून एवढंच लक्षात ठेवावं: ओली असलेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. खालचं सगळं त्यानंतर.

पण त्याही आधी, हे इंजिन ऑइलच आहे ना? रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा किंवा पांढरा कागद ठेवा आणि सकाळी रंग बघा. तपकिरी किंवा काळं असेल तर बहुधा इंजिन ऑइल. लालसर आणि पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगकडे नजर वळवा. दाट, गंधकासारखा उग्र वास मारणारं असेल तर गिअर ऑइल. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं, त्याला गोडसर वास येतो आणि ते विषारी असतं, म्हणून मुलांना आणि पाळीव जनावरांना त्यापासून लांब ठेवा. फिकट, बुळबुळीत द्रव चाकाच्या आतल्या अंगाला किंवा ब्रेक पेडलजवळ दिसला तर तो ब्रेक फ्लुइड समजा आणि ती गाडी रस्त्यावर काढूच नका. एसी लावून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी मात्र पाणीच असतं, त्याची काळजी नको.

आता खरं काम. इंजिन धुवायचं. हे सांगितलं की लोकांचा उत्साह मावळतो, कारण हात काळे होतात आणि दुरुस्ती तर काहीच झालेली नसते. पण वर्षानुवर्षं साचलेल्या ऑइल आणि धुळीच्या थरावर नवी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे विजेचे जोड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढणारा द्रव, मारा, ब्रशने घासा, हलक्या धारेने धुवा. जोराच्या पंपाचा मोह टाळा, ते पाणी सील आणि कनेक्टरमध्ये घुसतं. आणि साफसफाईला पेट्रोल वापरायचं नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते.

गाडीखाली शिरायचं असेल तर एक गोष्ट मी आग्रहाने सांगणार आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. सपाट, टणक जमीन पाहा, हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, गाडी घोड्यांवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, टेकवा आणि मग तिला हाताने हलवून बघा. हलली तर आत जाऊ नका. गाडीच्या वजनाखाली चिरडला गेलेला माणूस स्वतःला बाहेर काढू शकत नाही, म्हणून घरात कुणीतरी असतानाच हे काम करा.

इंजिन कोरडं झालं की शोध सुरू. एक जुनी, स्वस्त युक्ती टाल्कम पावडरची. संशयित जोडांवर पावडर भुरभुरवा, इंजिन थोडा वेळ आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालवा, बंद करा आणि बघा. पांढऱ्यावर ऑइलची काळपट रेघ लगेच उठून दिसते. पट्ट्यांवर आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाजवळ मात्र पावडर टाकू नका. गळती फारच बारीक असेल तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी एक-दोन दिवस नेहमीसारखी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायचा. ऑइल पिवळं-हिरवं चमकतं आणि वर कुठून निघालंय ती वाट दिसते. काही गळत्या इंजिन गरम झाल्यावर, दाब असतानाच दिसतात, म्हणून गार इंजिनावर काहीच सापडलं नाही तर निराश होऊ नका.

शोधताना आधी साध्या गोष्टी. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी ब्लॉकलाच चिकटून राहतं, नवा फिल्टर त्याच्यावर बसतो आणि दोन रबरांमधून ऑइल जोरात बाहेर येतं. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की त्याचं काम संपलं, दर वेळी नवा टाकावा. बोल्ट रागाने आवळला तर चेंबरचे आटे जातात, मग खर्च वेगळाच. आणि तिसरा, ज्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, तो ऑइल प्रेशर स्विच. बोटाएवढा भाग, वायर लावलेली. त्याच्या आतला पडदा फाटला की ऑइल वायरच्या जोडातून झिरपतं आणि ब्लॉकवरून थेट बेल हाउसिंगकडे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाकडे, उतरतं. बघणारा म्हणतो, मागचं सील गेलं, म्हणजे क्रँक शाफ्ट इंजिनाच्या मागून बाहेर येतो तिथलं. सगळा गिअरबॉक्स उतरवायची तयारी होते आणि दोष असतो एका छोट्या स्विचचा. म्हणून मागच्या सीलवर ठपका ठेवण्याआधी वरच्या सगळ्या जागा कोरड्या आहेत हे सिद्ध करा.

आता ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आत कोंडणाऱ्या वायूला बाहेर पडायची वाट. माझ्या मते हटवादी गळतीच्या मुळाशी हाच अनेकदा सापडतो. पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक शाफ्ट फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. खूप जुन्या गाड्यांत तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडला जाई. पुढे तो परत इनटेकमध्ये ओढून जाळायची व्यवस्था आली, मधे एक झडप असते, तिला पीसीव्ही म्हणतात. ही झडप किंवा तिची नळी काजळीने तुंबली की आतला वायू कोंडतो. फुगलेल्या फुग्याला जिथे कमजोर जागा असेल तिथून हवा निघते, तसं दाब वाढलेलं क्रँककेस ज्या सीलमध्ये जरा ढिलाई आहे तिथून ऑइल बाहेर ढकलतं. तुम्ही एक सील बदला, दाब दुसरं शोधतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर असताना पीसीव्ही झडप काढून तिच्या तोंडावर बोट ठेवा. आतून ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून झडप कानाजवळ हलवा, बहुतेक झडपांत खडखड आवाज यायला हवा. आणखी एक: ऑइल भरण्याचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा आणि इंजिन आयडलवर ठेवा. व्यवस्था नीट असेल तर मोजा किंचित आत ओढला जातो किंवा सपाट राहतो. टम्म फुगून उभा राहिला तर दाब आहे. ब्रीदर साफ असूनही तो फुगत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, तेव्हा कॉम्प्रेशन तपासून घ्या. तसं असेल तर कितीही पॅकिंगं बदला, पैसे वाया जातील.

ब्रीदर ठीक असेल आणि ओल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, काठावर दिसत असेल, तर घरी करायला यापेक्षा योग्य काम नाही. उष्णतेने रबर कडक होतं, कॉर्क आकसतो, आणि काठावरून ऑइल बारीक धारेत उतरतं. ते एक्झॉस्टच्या गरम पाइपावर पडलं तर जळका वास आणि धूर येतो. ही गळती पुढे ढकलू नये, कारण गरम एक्झॉस्टवरचं ऑइल पेटूही शकतं.

कव्हर काढण्याआधी भोवतीची धूळ पुसून घ्या, नाहीतर ती आत पडते. वायरी, नळ्या कुठे होत्या त्याचा फोटो काढा. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर लोखंडी पातं लावलं की ओरखडा पडतो, आणि तोच पुढची गळती होतो. ग्राइंडरची चकती तर अजिबात नको. तिची भुकटी ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंगं खाते. शेवटी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसून अगदी कोरडे करा. पत्र्याचं कव्हर असेल तर ते काचेवर उलटं ठेवून बघा. वर्षानुवर्षं जोराने आवळून बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वाकलेला असतो. लाकडाच्या तुकड्यावर ठेवून हलक्या हातोडीने तो सपाट करा. हे टाळलं तर नवं पॅकिंगही गळतं, आणि लोक दोष पॅकिंगच्या कंपनीला देतात.

रबराचं पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. फक्त जिथे दोन भाग मिळून कोपरा होतो, जसं टायमिंग कव्हर आणि हेडचा सांधा किंवा अर्धगोल कोपरे, तिथे वाटाण्याएवढा सिलिकॉनचा ठिपका लावा. जास्त लावण्याचा मोह फार होतो. पण बाहेर दिसतो तितकाच सिलिकॉन आतही दबतो, तिथून तुटतो आणि तळाशी ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन अडकतो. मग इंजिनाला ऑइलच मिळत नाही. सिलिकॉन लावला असेल तर ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळा, पूर्ण घट्ट व्हायला बऱ्याचदा 24 तास लागतात.

बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. हे मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही. कॉर्कचं पॅकिंग थोडं बसतं, म्हणून काही दिवसांनी गार इंजिनावर एकदा अलगद बघून घ्यावं. रबराला त्याची गरज पडत नाही. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत ऑइल साचलं असेल तर त्या नळ्यांची सीलंही याच वेळी बदला, कव्हर उघडलंच आहे.

पुढचं क्रँक सील घरी बदलता येतं, पण पुली काढावी लागते आणि कधीकधी टायमिंग पट्टाही, म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय हात लावू नका. नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर बोट फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी काठाने, तिथे खाच पाडली असेल तर नवं सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. ओठाला ऑइल लावा आणि त्याची स्प्रिंग ऑइलच्या बाजूला आहे ना ते बघा. योग्य मापाच्या सॉकेटने, सरळ ठोका.

बाटलीतल्या "गळती बंद" औषधांबद्दल नेहमी विचारलं जातं. बहुतेक औषधं रबराला फुगवतात, त्यामुळे कडक झालेलं सील काही काळ पुन्हा टेकतं. मागचं सील थोडंसं झिरपत असेल तर ते वापरून बघायला हरकत नाही. फाटलेलं पॅकिंग किंवा झिजलेला शाफ्ट त्याने बरा होत नाही.

मागच्या सीलसाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. लिफ्ट आणि मदतीला माणूस नसेल तर ते घरी करू नये. गंमत म्हणजे काही जुन्या ब्रिटिश इंजिनांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरच्या ए-सिरीज इंजिनात, मागे ओठाचं सीलच नसे. शाफ्टवर आट्यांसारखी खाच असे आणि ती फिरताना ऑइल परत आत फेकत असे. तिथे थोडं झिरपणं रचनेतच होतं. तुमची गाडी तशी नसेल, गळती थेंबांपुरतीच असेल आणि क्लच घसरत नसेल, तर दर आठवड्याला डिपस्टिक बघत क्लच बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबता येतं. अनेक गाड्यांत कमी आणि पुरेशी या दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून किती जातंय याचा हिशोब लागतो. क्लच प्लेट तेलकट झाली, क्लच घसरू लागला, तर मात्र थांबू नका. आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लचबरोबर रिलीज बेअरिंगही त्याच दिवशी बदलून घ्या, कारण ती मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही.

नमस्कार.