जुन्या गाडीचा हॉर्न: आधी थेट बॅटरीवर वाजवून बघा

नमस्कार मंडळी, रामराम. आज बोलायचंय जुन्या मोटरसायकलच्या हॉर्नबद्दल. आपल्या नागपुरात पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या अजून रोज कामावर जातात, कोणी बुटीबोरीला, कोणी हिंगण्याला, कोणी कॉटन मार्केटला, आणि त्यातल्या कित्येकांचा हॉर्न असा किरकिरतो की ट्रकवाला सोडा, बाजूचा सायकलवालाही वळून बघत नाही. मग माणूस दुकानात जातो अन म्हणतो, मोठ्यातला मोठा द्या. माझं सांगणं एकच आहे आणि ते मी आज पुन्हा पुन्हा सांगणार: नवा घ्यायच्या आधी जुना हॉर्न थेट बॅटरीवर वाजवून बघा.

हे मी शिकलो इतवारीतल्या एका बुजुर्ग मेकॅनिककडून. झालं असं, आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारे एक काका आहेत, कळमेश्वरकडचे, जुनी शंभर सीसीची गाडी, मागे दोन्हीकडे भाजीचे पोते. हिवाळ्यात धुकं होतं, काटोल नाक्याजवळ एक ट्रक रिव्हर्स घेत होता, काका हॉर्न दाबून राहिले आणि ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही. पाय टेकवत टेकवत गाडी मागे ओढली म्हणून वाचले. त्याच दिवशी त्यांनी हॉर्नची जोडी घेतली, ती गोल शंखासारखी असते ना, एक लो टोन एक हाय टोन, आणि रस्त्यावरच्या एकाकडून जुन्याच वायरवर लावून घेतली. तर काय, आवाज आधीपेक्षा कमी! जोडी मिळून नुसती टर्रर्र. काका चिडले, माल डुप्लिकेट आहे, वापस करतो म्हणाले. मी म्हटलं चला, मी पण येतो, वाटेत त्या मेकॅनिकला दाखवू.

म्हातारबुवांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वापस काहून करून राहिले काका? आधी पाहू तर द्या." सीटखालून बॅटरीच्या दोन वायरी ओढल्या आणि नव्या हॉर्नला टेकवल्या. असा दणका बसला की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं काम थांबवलं. काका खुश, म्हणाले म्हणजे माल चांगलाच आहे. तर म्हातारबुवा म्हणतात, "थांबा, जुना कुठाय?" काकांनी पिशवीतून जुना काढला, गंजलेला, चिखल चिकटलेला. तोही बॅटरीला टेकवला. तोही खणखणीत वाजला! काका बघतच राहिले. "अरे, हा तर मेला होता!" त्यावर म्हातारबुवांचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे: "हॉर्न नाही मेला काका, करंट रस्त्यात मरून राहिला."

मग त्यांनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, आणि बटन दाबल्यावर हॉर्नजवळ जेमतेम नऊ. बटन उघडलं तर आतलं तांबं काळं पडलेलं. बारीक सँडपेपर मारला, थोडं व्हॅसलिन लावलं, सुटलेली अर्थची वायर (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची) कसली, वरून एक रिले टाकला (म्हणजे बटनाच्या थोड्याशा करंटवर चालणारा स्विच, तो हॉर्नला बॅटरीचा करंट थेट देतो) आणि जुनाच हॉर्न परत बसवला. जोडी काकांनी खरंच वापस केली, त्या पैशातून रिले आणि फ्यूज आला. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला तेव्हा मला घरात बसून कळलं काका आले.

आता यातलं कारण सांगतो, थोडक्यात. हॉर्नच्या आत चुंबक आणि पत्र्याची चकती असते, ती सेकंदाला शेकडो वेळा ओढली-सोडली जाते. नऊ व्होल्टवर ताकद जवळपास निम्मी उरते. आणि जोडी लावली की करंट ७-८ अँपिअरपर्यंत जातो, म्हातारं बटन एवढा करंट कसं पेलणार? म्हणून रिले. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची प्लस, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळच. ८७ वरून हॉर्नला, हॉर्नची दुसरी बाजू अर्थला. आणि आधी हॉर्नला जायच्या त्या जुन्या दोन वायरी ८५ आणि ८६ ला. बस. बॅटरी आधी बघून घ्या, राजदूतसारख्या गाड्या ६ व्होल्टच्या, त्यांना १२ चा हॉर्न किंवा १२ चा रिले चालत नाही. जुन्या स्कूटरचा हॉर्न कधीकधी एसीवर, म्हणजे बॅटरीऐवजी थेट इंजिनातून येणाऱ्या करंटवर असतो, तिथे हा साधा रिले थरथरतो, तिथे वायरिंगवाल्याला विचारा. रोजच्या वापराच्या छोट्या गाड्यांची बॅटरी बऱ्याचदा अडीच अँपिअर-अवरची, म्हणजे कमी साठ्याची असते, त्यांना जोडी नको, एकच चांगला हॉर्न घ्या.

आता मोठ्या आवाजाचं. प्रेशर हॉर्न (हवेच्या दाबावर वाजणारे) आणि गाणं वाजवणारे हॉर्न १९८९ च्या मोटार वाहन नियमात बसत नाहीत, आणि विनाकारण हॉर्न वाजवला तरी मोटार वाहन कायद्याच्या १९४ एफ कलमाखाली पहिल्यांदा १००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा २०००. दवाखान्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा जाहीर करता येतो, मेडिकल चौकात, धंतोलीत बटनावरून अंगठा काढाच. ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्येच बंदी आली, मला तर वाटतं तो निर्णय फार उशिरा आला, त्या तीन शब्दांनी आपल्या पिढ्यांना हॉर्न म्हणजे नमस्कार असं शिकवलं. आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधी वाजवणारे, व्हेरायटी चौकात रोज बघतो, त्यांच्याबद्दल वेगळं भाषण द्यावं लागेल.

तर पुन्हा सांगतो, आधी जुना हॉर्न थेट बॅटरीवर वाजवा. वाजला तर बटन साफ करा, अर्थ बघा, रिले टाका. नाहीच वाजला तर मागच्या स्क्रूला पाव चक्कर देऊन बघा, तरी नाही तर नवा घ्या. लावताना हॉर्न त्याच्या पट्टीवर मोकळा राहू द्या, बॉडीला टेकला की आवाज दबतो. तोंड खालच्या बाजूला ठेवा, पावसाचं पाणी भरणार नाही. आणि शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, गाडी दाबून खाली-वर करा, हॉर्न किंवा वायर कुठे घासत तर नाही ना ते बघूनच गाडी रस्त्यावर काढा.