पेन्सिल जाईल एवढी फट

(काळोख. सुरुवातीची काही सेकंदं पडद्यावर काहीच दिसत नाही.)

दुपारचे 2 वाजलेत. बाहेर लख्ख ऊन आहे. आम्ही गॅरेजचं मोठं दार बंद केलंय, आतले दिवेही मालवलेत. डोळे सरावेपर्यंत जरा थांबा.

आता दिसतंय का? दाराच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, उजेडाचा एक त्रिकोण. उजवीकडे तसाच, थोडा लहान. भिंतीतून पाण्याचा पाइप आत येतो तिथे चंद्रकोर. बाजूच्या लहान दाराखाली एक लांब पांढरी रेघ. वर, ज्या पन्हळीतून दार सरकतं तिच्या टोकाशी, आणखी एक ठिपका.

उंदीर येतो कुठून, हे शोधायला आम्ही दोन आठवडे सामान उलथंपालथं करत होतो. उत्तर या अंधारात मिळालं, 5 मिनिटांत.

(हातातली पेन्सिल फटीत सरकते.)

ही रोजच्या वापरातली पेन्सिल. ती ज्या फटीत शिरते, तिथून उंदीर येऊ शकतो असंच धरायचं. गॅरेजमध्ये येतो तो बहुतेक वेळा लहान घरउंदीर, 12 ते 30 ग्रॅम वजनाचा. 6 मिलिमीटरची फट त्याला चालते. डोकं शिरलं की बाकीचं अंग तो चपटं करून मागून ओढून घेतो. पुढचं चित्रण रात्रीच्या कॅमेऱ्याचं आहे. आवाज जसा आला तसाच ठेवलाय.

(उंदीर डाव्या कोपऱ्यातून आत येतो. इथे निवेदन नाही.)

हेच सावकाश बघू. आधी मिशा आत येतात, फटीच्या कडा चाचपतात. मग नाक. मग डोकं, किंचित तिरकं करून. आणि आत आल्यावर तो कुठे वळला बघा. समोर सगळी मोकळी जमीन आहे, पण तो भिंतीला चिकटून धावतोय. उंदराची नजर अधू असते. मिशा आणि अंगावरचे लांब केस भिंतीला घासत तो वाट काढतो, आणि रोज तीच वाट धरतो. म्हणून भिंतीच्या तळाशी हा मळकट, तेलकट पट्टा उमटलाय. कितीतरी महिने आम्ही त्याला ओल समजत होतो.

(जमिनीवर पांढरी पावडर. सकाळ.)

रात्री भिंतीलगत टाल्कम पावडर भुरभुरली होती. सकाळी तिच्यावर ही पावलं. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. मधली रेघ शेपटीची. पावलं कुठून सुरू होतात ते पाहिलं, तर उजेडाचे ठिपके होते तीच ठिकाणं.

यानंतर बहुतेक घरांत विषाची वडी टाकली जाते. आम्हीही पूर्वी टाकायचो. आता टाकत नाही. रक्त गोठू न देणारं हे विष लगेच मारत नाही, त्याला काही दिवस लागतात. तोवर उंदीर फिरत राहतो, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या, मांजराच्या पोटातही ते जाऊ शकतं. शिवाय दार उघडंच राहतं. मादी साधारण 3 आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं. आतला मारला तरी बाहेरचा यायचाच. फट बुजवणं हेच खरं काम, आणि ते करायला कुणाला बोलवावं लागत नाही.

(तारेची जाळी कात्रीने कापली जाते.)

पाइपाभोवती आधी कुणीतरी फोम भरला होता. त्याच्यावरचे दातांचे ओरखडे बघा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला चुकत नाही. नुसता फोम त्याच्यापुढे टिकत नाही. आम्ही तो सगळा खरवडून काढला. त्या जागी तांब्याच्या तारेची विणलेली जाळी, घट्ट गुंडाळून, स्क्रू ड्रायव्हरने ठासून भरली. साधा स्टीलचा चोथाही चालतो, पण ओल लागली की तो गंजून झडतो. वरून सिमेंटचा लेप. बोटाने दाबून, पाइपाला अगदी चिकटून.

हवेची झडप मात्र बुजवायची नाही. गाडी उभी राहते तिथे हवा खेळलीच पाहिजे. तिच्यावर 6 मिलिमीटरहून मोठी भोकं नसलेली तारेची जाळी स्क्रूने बसवली.

मोठ्या दाराला सगळ्यात जास्त वेळ गेला. खालची रबरी पट्टी सुकून कडक झाली होती, ती बदलली. तरी कोपऱ्यात उजेड दिसतच होता, कारण जमीन तिथे उतरती आहे. मग जमिनीलाच रबराचा उंबरठा चिकटवला. त्याआधी जमिनीवरचं इंजिन ऑइल पूर्ण घासून काढावं लागलं, नाहीतर गोंद धरत नाही. पहिल्या खेपेला आम्ही घाई केली. तीन दिवसांत पट्टी सुटली.

आत राहून गेलेल्यांसाठी चाप लावले, भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. पक्ष्यांचे दाणे पत्र्याच्या डब्यात गेले. उंदराला दिवसाला 3 ग्रॅमच्या आसपास खाणं पुरतं, म्हणजे फाटक्या पिशवीतून सांडलेले दाणे त्याला कितीतरी दिवस पुरतात. खोकी जमिनीवरून फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

(गाडीचं बॉनेट उघडतं. कुरतडलेल्या वायरी. हवेच्या फिल्टरमध्ये कापसाचं घरटं.)

लेंड्यांतून आजार पसरतात. त्या सुक्या झाडायच्या नाहीत: दार उघडून हवा येऊ द्या, हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवा आणि मगच पुसा.

(पुन्हा काळोख. दुपार.)

तीच वेळ, तेच बंद दार. डावा कोपरा काळा. पाइप काळा. लहान दाराखालची रेघ गेली. वरचा ठिपका राहिला होता, तोही आज पत्र्याने झाकला.

(रात्रीचा कॅमेरा, बाहेरून. उंदीर पट्टीशी थांबतो, हुंगतो.)

हे चित्रण सहा आठवड्यांनंतरचं. उजव्या कोपऱ्यात नव्या रबराला नखाएवढा खाचा पडलाय, ताजा. आरपार गेलेला नाही. उद्या सकाळी तिथे आतून पत्र्याची पट्टी मारायची आहे.