चोर सोडून पंपाला फाशी

मंडळी, ग्वाल्हेरच्या थंडीचं वर्णन तुमच्यासमोर करण्यात अर्थ नाही. जानेवारीत पारा तीन-चारवर येतो, रस्त्यावर धुकं बसतं, आणि ट्रान्सपोर्ट नगरात पहाटेपासून सेल्फ घासल्याचे आवाज सुरू होतात. मेळ्यातल्या दुकानांचा माल गाडीत भरून तयार, आणि गाडी जागची हलायला तयार नाही. तास-दीड तास असाच गेला की कुणीतरी निकाल देतं, ‘पंप गेला,’ म्हणजे सिलिंडरांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप. पंप उतरतो, पंपवाल्याकडे जातो, घसघशीत बिल होतं, आणि चार दिवसांनी सकाळी पुन्हा तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या ट्रकच्या या तक्रारीत पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

मी बोलतोय ते कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या इंजिनांच्या, आधीच्या गाड्यांबद्दल. टाटाचं ६९७ इंजिन, कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बाजूला इनलाइन पंप, त्यात प्रत्येक सिलिंडरला एक एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा छोटा दांडा आणि त्याचं नळकांडं. बीएस-६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्यांच्या मालकांनी आज नुसतं ऐकावं, त्यांचा आजार स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आपल्या या इंजिनांत हवा साधारण सतरा पट दाबली जाते. म्हणजे लागतं काय, तर तापलेली हवा आणि वेळेवर आलेलं डिझेल. यातलं काय कमी पडतंय हे पाहायला एक पानाही लागत नाही. क्लीनरला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहा. पांढरा धूर येतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. धूरच नाही, तर डिझेल पोचतच नाही. या दोन वाटा वेगळ्या आहेत. बहुतेक वाया खर्च होतो तो या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे.

आधी बिनधुराची वाट. पहिल्यांदा पंपावरचा स्टॉपचा लिव्हर बघा. बंद करायची केबल गंजून अर्ध्यात अडकलेली असते, किंवा सोलेनॉइड, म्हणजे लिव्हर ओढणारं विजेचं चुंबक, पूर्ण ओढत नाही. लिव्हर मोकळा असेल तर मग संशय लाइनमध्ये शिरलेल्या हवेवर. आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण निम्म्याहून जास्त भांडणं इथलीच असतात.

टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देतो तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतची लाइन दाबावर नसते, ओढीवर असते. दाबाच्या लाइनला भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं, डाग पडतो, दिसतं. ओढीच्या लाइनला भोक पडलं तर बाहेर काहीच येत नाही, आत हवा जाते. चिरलेल्या स्ट्रॉने लस्सी ओढून बघा, म्हणजे समजेल. म्हणून ‘कुठेच लीक नाही, सगळं कोरडं आहे’ हे मिस्त्रीचं वाक्य ऐकून समाधान मानू नका. कोरडं असणं हा इथे पुरावाच नाही.

आता सकाळीच का? रात्रभर गाडी उभी असते. त्या बारीक भोकातून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. फीड पंपात झडपा असतात, त्यांनी हे थांबवायचं असतं. पण झडपेखाली कचऱ्याचा एक कण बसला तरी ती गळते. दुपारी ढाब्यावर अर्धा तास थांबलात तर एवढं डिझेल उतरायला वेळच मिळत नाही. थंडी आणि रात्रभर उभं राहणं या दोन गोष्टी एकत्र येतात, आणि आपण दोष देतो थंडीला. थंडीचा हात अगदीच नाही असं नाही, जुना रबरी पाइप गारठ्यात कडक होतो आणि क्लिपखाली ढिला पडतो. पण मे महिन्यातही सकाळचा पहिला सेल्फ लांबत होता का, हे ड्रायव्हरला विचारा. आणखी एक विचारा: टाकी भरलेली असताना लगेच सुरू होते आणि पाव टाकीवर त्रास देते का? हो म्हणाला, तर पंपवाल्याचा नंबर लावायची गरज नाही.

खात्री करायची असेल तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा. डिझेल पिवळसर, एकसंध दिसायला हवं. बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली की झालं. मग हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारून बघा. नीट असेल तर आठ-दहा वेळा मारल्यावर दांडा हाताला जड लागतो. कितीही मारा आणि दांडा तसाच पोकळ, हलका लागतोय, तर हवा येतेय किंवा झडप गेलीय. कधीकधी खुद्द प्रायमरचं सीलच हवा घेतं, हे फार लोक विसरतात. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंचावर बांधा, त्याची नळी थेट फीड पंपाला द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधे आहे: टाकीतली जाळी, वॉटर सेपरेटरचा काचेचा कप, रबरी पाइप, बँजो बोल्टचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, कॉपर वॉशर. ते वॉशर दर खेपेला नवे घाला. चार रुपये वाचवायला जुनेच उलटे करून घालतात, त्याला मी काय म्हणू!

हवा काढताना फिल्टरचा स्क्रू आधी, पंपाचा नंतर, फेस संपून सलग धार येईपर्यंत. नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपाचे नट ढिले कराल तेव्हा हात लांब ठेवा. दोनशे बारच्या पुढचा दाब असतो, धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावं लागू शकतं. असं झालं तर मलम नको, सरळ सर्जनकडे.

थंडीचा खरा गुन्हा म्हणायचा तर डिझेल गोठण्याचा. भारतीय मानकात डिझेल हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेगळं असतं. फिल्टर तुंबण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश, उन्हाळ्यात १८. दिवाळीआधी भरलेली गाडी काम नसल्याने उभी राहिली आणि जानेवारीत काढली, तर टाकीत उन्हाळी डिझेलच असतं. त्यातलं मेण फिल्टरमध्ये बसतं. फिल्टर काढून हाताने बघा, साजूक तुपासारखं काही लागलं तर उत्तर मिळालं. फिल्टर बदला, ताजं डिझेल भरा. रॉकेल ओतू नका, पंपाचं वंगण डिझेलच असतं.

आता पांढऱ्या धुराची वाट. इथे आधी बॅटरी. इंजिन संथ फिरलं तर दाबलेली हवा गार भिंतींना उष्णता देऊन बसते आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटतेही. चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. सेल्फ मारताना प्रत्येकीवर मीटर लावा. एखादी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिला चार्ज करून पुन्हा तपासा. दोन्ही ठीक असतील तर चॅसीची अर्थिंगची केबल सोडून घासा. आणि इंजिन ऑइल वीस-पन्नास ग्रेडचं असेल तर हिवाळ्यात त्याहून पातळ, पंधरा-चाळीसचं घाला. एवढ्याने न सुधारलेल्या गाड्यांसाठीच नोझल आणि कॉम्प्रेशन तपासायची वेळ येते.

हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरणं, ऑइलच्या चेंबरखाली जाळ करणं, स्प्रे मारणं हे सगळे प्रकार मला ठाऊक आहेत. ईथरचा स्प्रे वेळेआधी पेटतो, रिंगा आणि पिस्टन तोडतो. हवेच्या वाटेत हीटर असेल तर स्फोटच. गाडी एकदा सुरू होते म्हणून सवय लागते, आणि पुढच्या वर्षी स्प्रेशिवाय ती उठत नाही.

मागून प्रश्न आला की मग पंप उघडायचा तरी कधी? झिजलेला एलिमेंट बहुतेक वेळा उलटं वागतो. गार डिझेल जाडसर असतं, ते फटीतून कमी गळतं, म्हणून सकाळी गाडी उठते. चार तास चालवून चहाला थांबलात, डिझेल पातळ झालं, आणि परत आल्यावर धूर नाही, सुरू नाही. पंप गार होऊ दिल्यावर पुन्हा उठते. अशी तक्रार आली, लाइन तपासून झाली, की खुशाल पंप उतरवा आणि टेस्ट बेंच, म्हणजे पंप चालवून तपासायचं यंत्र, असलेल्याकडेच द्या. उतरवण्याआधी फ्लायव्हीलची खूण जुळवून कपलिंगवर पंचने दोन ठिपके मारून घ्या. बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, एवढंसं मागे गेलं, तरी सकाळी पांढरा धूर नव्याने सुरू होतो.