बिचाऱ्याचं नशीब?

मंडळी, नमस्कार.

कथा वाचून संपली की आपण पटकन म्हणतो, ‘बिचाऱ्याचं नशीब!’ मला वाटतं, चांगल्या कथेत नशिबाला फारसं काम नसतं. कादंबरीत माणसाला सुधारायला शेकडो पानं मिळतात. कथेत तेवढी सवड कुठली? तिथे एखादी रोजची सवयच सगळा भार उचलते.

रशियन लेखक गोगोलची ‘ओव्हरकोट’ (१८४२) घ्या. अकाकी अकाकियेविच हा सरकारी कचेरीत नकला उतरवणारा कारकून. काही अक्षरं त्याची एवढी लाडकी, की ती आली की चेहरा खुलतो. एकदा साहेब खूश होऊन त्याला जरा वरचं काम देतात. मथळा बदलायचा आणि काही क्रियापदं प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची, बस्स. तर ह्याला दरदरून घाम फुटतो. नको, त्यापेक्षा नक्कलच द्या, म्हणतो. आपण हसून पुढे जातो. मग ८० रुबलांचा नवा कोट शिवायचा म्हणून तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यातून जवळजवळ चवड्यांवर चालतो. तोच कोट चोरीला जातो. पण चोरी काय, कुणाचीही होते हो. घात होतो तो नंतर. बड्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडायची वेळ येते, तेव्हा तोंडातून धड वाक्य निघत नाही. अधिकारी खेकसतो, हा कोलमडतो आणि तापाने जातो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवली, स्वतःचं एकही जुळवलं नाही. शेवट त्या घामातच होता, आपल्याला हसण्याच्या नादात दिसला नाही.

फ्रेंच लेखक मोपासाँची ‘नेकलेस’ (१८८४) तुम्हाला ठाऊक असेलच. नायिका मातिल्द मिरवण्यासाठी मैत्रिणीचा हार मागून आणते आणि तो हरवते. हार हरवला, असं तिने सरळ सांगितलं असतं तर ५०० फ्रँकांत मिटलं असतं, कारण तो हार खोटा. पण नवरा-बायको कळवतात, कडी तुटलीय, दुरुस्तीला टाकलाय. मग ३६,००० फ्रँकांचा खरा हार आणि १० वर्षं कर्जफेड. चारचौघांत दिसण्यासाठी जगणाऱ्याला ‘हरवला’ हा शब्द उच्चारता येत नाही.

म्हणजे करावं तसं भरावं? छे! तसं लिहिलं की कथेचं कीर्तन होतं. प्रेमचंदांची ‘कफन’ आठवा. आत सून बुधिया वेणांनी तडफडतेय, बाहेर बाप-लेक चोरून आणलेले बटाटे भाजून खातायत. मुलगा आत जात नाही, कारण तो उठला तर बाप जास्तीचे बटाटे फस्त करेल. शिसारी येते. आणि लेखक आपल्याला सांगतो, की रात्रंदिवस राबणाऱ्यांचीही अवस्था याहून फार बरी नव्हती. मग आळसामुळे या दोघांची ही गत झाली, की या गतीनेच त्यांना आळशी केलं? शिवाय मरतं कोण? दळण दळून, गवत कापून त्या दोघांची पोटं भरणारी बुधिया. तिच्या जगण्यात मला तरी खोट सापडत नाही. तुम्हाला सापडली तर आता चर्चेत सांगा.