तिसऱ्या वर्षाचं दार

(कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी पालकांसमोर आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्यांना ऐकू येतंय ना? पुढे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, या पुढे. मी काही मोठी वक्ती नाही. आठवड्यातले चार दिवस दोन वेगवेगळ्या कम्युनिटी कॉलेजांत इंग्रजी शिकवते. माझ्यासारख्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, कारण आमचं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी. आजही डिकीत तपासायचे बावीस निबंध पडलेत.

आजचा विषय ट्रान्स्फर, म्हणजे पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाणं. त्यावर बोलायला मला बोलावताना एका ताईंनी फोनवर हळूच विचारलं, “म्हणजे ज्यांना कुठे अॅडमिशन मिळत नाही, त्यांच्यासाठीच ना हे?” त्या इथे बसल्या आहेत, नाव घेत नाही. पण हा प्रश्न आपल्यातल्या निम्म्या घरांत असतो. भाचीला बर्कली मिळालं आणि आपला मुलगा गावातल्या कॉलेजात जाणार, हे पुण्याच्या आजीला कसं सांगायचं, हा खरा पेच. म्हणून आधी थोडा इतिहास सांगते, लवकर आटपते.

अमेरिकेतलं पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज (म्हणजे आजचं कम्युनिटी कॉलेज, आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे) १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कूलांना पुढचे वर्ग काढायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोने ते केलं. पण आपल्या कामाचं साल १९६०. त्या वर्षी राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. त्यामागे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांचा मोठा हात होता. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजं म्हणजे आजची कॅल स्टेट, आणि बाकी सगळ्यांना ज्युनियर कॉलेज. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचं कलम मात्र कुणी वाचत नाही. विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्क्यांवर ठेवायचे आणि ६० टक्के जागा तिसऱ्या-चौथ्या वर्षाला द्यायच्या, असं त्यात ठरलं. का? तर ज्युनियर कॉलेजातून येणाऱ्यांना जागा राहावी म्हणून. आजही यूसीचं धोरण असं की पहिल्या वर्षाला दोन मुलं घेतली, तर ट्रान्स्फरने एक घ्यायचं. म्हणजे इमारतीच्या नकाशातच तिसऱ्या मजल्यावर एक दार काढून ठेवलंय. कुणी मागून घुसत नाही.

आता माझी गोष्ट. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याची. बारावी आर्ट्स केलं, एफ.वाय.बी.ए. अर्धं केलं, लग्न झालं, आणि एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, फ्रीमाँटला आले. तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती, पण शिकायला होती. वर्षभर राहिल्यावर, कागदपत्रं दाखवून, एच-फोरवाल्यांनाही कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाची फी लागू होते, हे मला शेजारच्या पंजाबी भाभींनी सांगितलं. एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर. २०१२ पासून तोच दर आहे. ट्रान्स्फरला सेमिस्टरची ६० युनिटं लागतात, म्हणजे २,७६० डॉलर. मी गेले तेव्हा यूसीची एका वर्षाची फी साधारण १४ हजार होती, आता त्याहून जास्त आहे. नवऱ्याने हिशेब केला आणि म्हणाला, “जा बिनधास्त.”

बिनधास्त गेले आणि पहिल्याच दिवशी आपटले. २०१३ ची गोष्ट. प्लेसमेंट टेस्ट नावाची एक परीक्षा संगणकावर देऊन आले, आणि तिने मला कॉलेज पातळीच्या इंग्रजीच्या दोन पायऱ्या खाली बसवलं. एक वर्ष मी स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकले. त्या वर्षातलं एकही युनिट ट्रान्स्फरला चाललं नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा जिकडे तिकडे हेच चालायचं. माझ्यासोबतची निम्मी मुलं त्या खालच्या पायरीवरूनच कंटाळून निघून गेली. पुढे २०१७ मध्ये एबी ७०५ नावाचा कायदा आला, आणि २०१९ पासून बहुतेक सगळ्यांना सरळ कॉलेज पातळीच्या वर्गात बसता येतं. तुमच्या मुलांना कुणी अजूनही खालच्या वर्गात जा म्हणालं, तर का, ते विचारा. आपल्याला विचारायची लाज वाटते. मला वाटली, आणि वर्ष गेलं.

इंग्रजीवाल्यांना ट्रान्स्फर सोपी, असं सगळ्यांना वाटतं. कॅल्क्युलस नाही, फिजिक्स नाही, वाचलं की झालं. उलट इथेच फसतात. इंजिनिअरिंगवाल्यांची यादी ठरलेली असते आणि घरात प्रत्येकाला तोंडपाठ असते. इंग्रजीचीही यादी असते, पण ती कुणी बघत नाही. यूसीएलएमध्ये, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये, पहिल्या दोन वर्षांत इंग्लिश १०ए, १०बी, १०सी असे तीन कोर्स असतात: १७०० पर्यंतचं साहित्य, मग १८५० पर्यंतचं, मग आजवरचं. त्यांच्या बरोबरीचे कोर्स तुम्ही आपल्या कॉलेजात केले नसतील, तर तिसऱ्या वर्षी जाऊन पहिल्या वर्षाचं काम करत बसाल. मधल्या काळात क्रिएटिव्ह रायटिंग आणि फिल्म असे चार मजेचे कोर्स घेतलेले असतात, आणि त्यांची युनिटं नुसती शोभेची होतात. कुठला कोर्स कुठे जुळतो, हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतं. आपलं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि विषय निवडा, समोरासमोर दोन रकाने येतात. त्यात फक्त यूसी आणि कॅल स्टेट असतात, खासगी विद्यापीठांना वेगळं विचारावं लागतं.

आणि एक. ब्रिटिश लिटरेचरचा पहिला भाग बऱ्याच कॉलेजांत वर्षातून एकदाच लागतो. आमच्याकडे त्या वर्षी अकरा नावं आली आणि वर्ग रद्द झाला. आमची सल्लागार बाई म्हणाली, “पुढच्या वर्षी घे.” तिचं ऐकलं असतं तर आणखी एक वर्ष गेलं असतं. मी बसने शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात जाऊन तो केला. जिथे मिळेल तिथे करा, फक्त असिस्टवर आधी बघा.

त्याच वर्गात मी पहिल्यांदा चॉसर वाचला, चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी. मध्ययुगीन इंग्रजी, खाली अर्थ दिलेले. मला ते परकं वाटलंच नाही, आमच्याकडे आजी ज्ञानेश्वरी अशीच वाचायची. कँटरबरीला निघालेले २९ यात्रेकरू, त्यांत एक बाथ गावची बाई. चर्चमध्ये दान वाहायला तिच्या आधी दुसरी कुणी पुढे गेली की हिचा पारा चढतो. मी हसले. सरांनी विचारलं काय झालं. म्हटलं, मी आजीबरोबर दिंडीत दोन मुक्काम चाललेय, राहुटीत जागेवरून आणि पाण्याच्या टँकरपाशी नंबरावरून भांडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्याच बायका संध्याकाळी हरिपाठाला डोळे मिटून डोलतात. वर्गात पंचवीस जण. सरांनी पुस्तक मिटलं आणि दहा मिनिटं मला वारीबद्दल बोलायला लावलं. मग म्हणाले, “चॉसर तिला ढोंगी म्हणतो का? शोधून आण.” तो माझा पहिला खरा निबंध. त्यांनी त्याचे तीन खर्डे वाचले, तिन्हींवर पेन्सिलीने लिहिलं.

मला आज खरं तर एवढंच सांगायचंय. लोक पहिली दोन वर्षं इथे स्वस्त पडतात म्हणून काढतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती चांगली असतात म्हणून काढावीत. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षीच्या मोठ्या वर्गात प्रोफेसर मंचावर असतो आणि तुमचा निबंध बहुतेक वेळा टी.ए., म्हणजे प्रोफेसरचा मदतनीस विद्यार्थी, वाचतो. इथे जो शिकवतो तोच वाचतो. त्याला पकडा, त्याच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे भेटायच्या ठरलेल्या वेळांना, जाऊन बसा, पुन्हा लिहून न्या. माझ्या वर्गात ऑफिस अवर्सना येणारी मुलं मोजायला एक हात पुरतो, आणि त्यांत आपलं मूल क्वचितच. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये फक्त चूक झाल्यावर जायचं असतं ना.

आता एक गंमत. तेव्हा ट्रान्स्फरसाठी ‘आयजेटेक’ नावाची जनरल एज्युकेशनची, म्हणजे सगळ्यांनी करायच्या सामायिक विषयांची, चौकट होती. यूसीसाठी तीत इंग्रजीखेरीज एका भाषेची अट असायची. सगळे स्पॅनिश घ्यायचे. नियमांच्या पुस्तकात मला एक ओळ सापडली: सहावी किंवा वरच्या इयत्तांत, जिथे शिकवण्याची भाषा इंग्रजी नाही अशा शाळेत, दोन वर्षं पास झालेलं असलं की अट पुरी. म्हणजे माझी मराठी शाळा! भावाला फोन केला. तो शाळेत गेला, तर हेडमास्तर म्हणाले, “माध्यम मराठी असल्याचा दाखला? इतकी वर्षं लोक माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला मागायला येतात.” पण दिला. लेटरहेडवर, गोल शिक्का मारून, शेजारी जावक क्रमांक घालून. तो कागद बघताना इथल्या सल्लागार बाईने शिक्क्यावर बोट फिरवलं, शाई खरी आहे का बघायला. २०२५ पासून सुरुवात करणाऱ्यांना ‘कॅल-जेटेक’ लागू आहे, त्यात भाषेचा भाग राहिला नाही. त्याऐवजी सगळ्यांना वक्तृत्व आणि एथ्निक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांचा अभ्यास, आहे. पण साहित्याच्या काही विभागांची स्वतःची परकीय भाषेची अट असते, ती वेगळी बघायची.

अर्जाचं थोडक्यात. यूसीच्या सहा कॅम्पसना टॅग म्हणजे प्रवेशाची हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. टॅगचा अर्ज एकाच कॅम्पससाठी भरता येतो, सप्टेंबर महिन्यात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत. मुख्य अर्ज शरद ऋतूत, त्यात प्रत्येकी जास्तीत जास्त साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं, आणि जानेवारीत मार्कांची अद्ययावत माहिती. ही जानेवारीची पायरी विसरून घरी बसलेला एक मुलगा मला माहीत आहे.

मी टॅगने डेव्हिसला गेले, २०१६ च्या सप्टेंबरात. फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनवरून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी पकडायची, दोन तासांच्या वर प्रवास. आठवड्यातून तीन दिवस. माझी निम्मी पदवी त्या गाडीत वाचून झाली. तिथल्या लायब्ररीसमोर पुस्तकात नाक खुपसून पडलेल्या एका मोठ्या डोक्याचा पुतळा आहे, रॉबर्ट आर्नेसनने केलेला. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्याला हात लावून जातात. मी पहिल्याच आठवड्यात लावला, उपयोग झाला नाही. पहिल्या निबंधाला सी प्लस.

कारण सोपं आहे. कॉलेजात सेमिस्टर, डेव्हिसला क्वार्टर. दहा आठवड्यांत सगळं. चौथ्या आठवड्यात मिडटर्म, तेव्हा मी अजून वर्गाची खोली शोधत होते. ट्रान्स्फर झालेल्यांचे मार्क पहिल्या सत्रात घसरतात, याला १९६५ पासून ‘ट्रान्स्फर शॉक’ असं नावच आहे. मला नाव माहीत नव्हतं. वाटलं, आपली लायकीच नाही. त्या निबंधाखाली टी.ए.ने लिहिलं होतं: “तुझं म्हणणं मला शेवटच्या परिच्छेदात सापडलं. तिथून सुरू कर.” बघा, मराठी शाळेतला निबंध आपण कसा लिहितो! आधी सुविचार, मग प्रस्तावना, मग माणूस हा समाजशील प्राणी आहे, आणि शेवटी, घंटा वाजता वाजता, आपल्याला काय वाटतं ते. मी तो निबंध शब्दशः उलटा केला. शेवटचा परिच्छेद वर घेतला, पहिले दोन काढून टाकले. पुढच्या वेळी बी प्लस. आता माझ्या वर्गातल्या मुलांचे खर्डे मी खालून वर वाचते.

२०१८ ला पदवी झाली, मग कॅल स्टेटमधून एम.ए., कारण कम्युनिटी कॉलेजात शिकवायला ते लागतं. कामाची परवानगी तोवर आली होती. “इंग्रजी घेऊन करणार काय?” हे मला अजून विचारतात, आणि खरं सांगायचं तर दोन कॉलेजांत मिळून जे मिळतं ते तुमच्या घरातल्या इंजिनिअरच्या पगाराजवळही जात नाही. ते लपवून मी तुमच्या मुलांना इकडे बोलावणार नाही.

बरं, चहा आलाय असं खुणावतायत. मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसते, लॅपटॉप आणलाय, असिस्ट उघडून ठेवते. ज्यांच्याकडे ट्रान्स्क्रिप्ट आहे त्यांनी घेऊन या. आणि मूल आलं असेल तर मुलालाच पाठवा, आई-बाबांनी जरा लांब बसून भजी खावीत.